एनसीच्या पुढचं

माझी खानावळ कोल्हापुरात सायबर चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. विद्यापीठात आणि आसपासच्या कॉलेजांत शिकणारी बाहेरगावची पोरं-पोरी जेवायला येतात. बुधवारी-रविवारी मटण, एरवी भाजी-भाकरी. २०२४ च्या दिवाळीनंतर या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट फिरू लागला. वर माझं नाव, माझा डीपी, आणि खाली मी म्हणे आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना लिहिलेला मेसेज : ‘कालचं मटण आजच्या रश्श्यात घाल, पोरांना काय कळतंय.’ मावशींना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना काही सांगायचं तर मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारते. पण हे ग्रुपवरच्या दोन-चारशे जणांना कोण आणि कसं पटवणार?

त्या पाठोपाठ इन्स्टाग्रामवर माझ्या नावाचं खातं निघालं. भाच्याच्या लग्नातला पैठणीतला माझा फोटो, खाली माझा मोबाईल नंबर आणि एक ओळ : ‘रात्री उशिरापर्यंत सेवा मिळेल.’ हाच स्क्रीनशॉट तिथंही टाकलेला. रात्री अकरानंतर फोन वाजायला लागले. काही जण नुसतेच श्वास सोडायचे, काही जण बोलायचे. ते काय बोलायचे हे मी जबाबात लिहून दिलं आहे, इथं पुन्हा लिहीत नाही.

आमच्या भागातल्या तालमीचा एक कार्यकर्ता त्याच संध्याकाळी दारात आला. “काकू, नाव सांगा फक्त. हाडं सैल करून आणतो.” नाव मलाच ठाऊक नव्हतं म्हणून बरं. दुसऱ्या एका हुशार ओळखीच्यांनी सांगितलं, “६६ ए लावा, सरळ आत जाईल.” मलाही तेव्हा ते खरं वाटलं. पुढं वकीलबाईंकडून कळलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम २४ मार्च २०१५ रोजीच सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवून काढून टाकलं आहे. त्या निकालाचं मूळ आपल्या महाराष्ट्रातच. २०१२ साली बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद राहिली, त्यावर फेसबुकवर एकीनं दोन ओळी लिहिल्या आणि दुसरीनं त्या लाईक केल्या म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यातून दिल्लीतली श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी न्यायालयात गेली. ‘त्रासदायक’ वाटणारं काहीही लिहिलं तर आत टाकता येईल, एवढं ते कलम सैल होतं. ते गेलं हे चांगलंच झालं, असं माझं आजही मत आहे, स्वतःला त्रास झालेला असूनही.

पोलीस ठाण्यात हवालदारांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “सायबर चौकातल्या बाईंची सायबरची तक्रार व्हय,” म्हणून हसलेही. मग एनसी लिहून घेतली, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कागदावर कलम होतं भारतीय न्याय संहितेचं ३५६. बदनामी. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत ४९९ आणि ५०० होतं, तेच १ जुलै २०२४ पासून या नव्या आकड्याखाली आलं आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा नव्यानं आलेली समाजसेवा. ऐकायला बरं वाटतं. पण बदनामी अदखलपात्र असल्यानं मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, आणि मॅजिस्ट्रेटकडं ज्याची बदनामी झाली त्यानं स्वतः फिर्याद घेऊन जायचं असतं. “ताई, आमचं काम एवढंच. आता तुम्ही कोर्टात जावा,” हवालदार म्हणाले आणि एनसीची प्रत हातात दिली.

बाहेर आल्यावर मनात आलं, याच शहरात जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, इंटरनेट बंद करायची वेळ आली. तेव्हा एकेक स्टेटस कुणी ठेवलं हे शोधायला यंत्रणा पळत होती. दोघांची तुलना होत नाही, हे मला कळतं. पण एका बाईच्या फोटोखाली नंबर टाकला तर दंगल होत नाही, म्हणून तो कागद फायलीत आरामात झोपतो, हेही खरंच.

वकीलबाई आमच्याच खानावळीत जेवून शिकलेल्या. त्या मला अजून काकूच म्हणतात. त्यांनी माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडावेत तसं ते वेगळं करायला बसल्या.

“काकू, तुम्ही पोलिसांना ‘माझी बदनामी झाली’ म्हणालात. त्यांनी बदनामीच लिहिली. पण इथं कुणीतरी तुमच्या नावाचा खोटा कागद बनवलाय. कुणीतरी तुमचा फोटो लावून तुम्ही असल्याचं सोंग केलंय. हे वेगळे गुन्हे आहेत, आणि हे दखलपात्र आहेत.”

मला इथं पहिल्यांदा उजेड पडला. कुणाची बदनामी करण्यासाठी बनावट दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद तयार करणं, याला न्याय संहितेच्या ३३६ व्या कलमात चौथं पोटकलम आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ सी म्हणजे दुसऱ्याच्या ओळखीचा लबाडीनं वापर आणि ६६ डी म्हणजे संगणक वापरून तोतयेगिरी. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. फोटोखालच्या त्या ओळीसाठी न्याय संहितेचं ७९ : स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान किंवा तिच्या खासगीपणावर आक्रमण. यातल्या कशालाही मॅजिस्ट्रेटच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. घटना तीच होती, पण तक्रारीचं पहिलं वाक्य बदललं की पोलिसांचं कामच बदलतं.

मी हौसेनं विचारलं, खासगीपणा मूलभूत हक्क आहे ना आता? वकीलबाई म्हणाल्या, आहे. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी आधारच्या विरोधात गेले, त्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं तसं सांगितलं. अब्रू हासुद्धा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं २०१६ मध्ये बदनामीचं कलम कायम ठेवताना न्यायालय म्हणालं. “पण ठाण्यात जाऊन घटनेचा अनुच्छेद २१ सांगू नका, तिथं ६६ सी सांगा.”

गुगलवरच्या रिव्ह्यूंचं मात्र त्यांनी मनावर घेतलं नाही. स्क्रीनशॉटच्या दिवसांत एकेक तारा देऊन बऱ्याच जणांनी हात धुऊन घेतले होते. ‘भाकरी जाड.’ ‘रश्श्याला चव नाही, नुसतं तिखट.’ ‘काकू खेकसतात.’ मला हे सगळं काढून हवं होतं. “भाकरी जाड हे मत आहे. मत मांडता येतं. आणि काकू, तुम्ही खेकसता,” वकीलबाई म्हणाल्या. ‘इथं शिळं मटण देतात’ हे मात्र वस्तुस्थितीचं विधान, त्याला खरं की खोटं विचारता येतं. त्या एका रिव्ह्यूसाठी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लिहिलं. नकार आला. त्याविरुद्ध तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडं जाता येतं. सगळं ऑनलाइन असतं, वकील लागत नाही. मी गेले, तिथंही हरले. तो रिव्ह्यू अजून आहे.

ग्रुपच्या ॲडमिनवर माझा भारी राग होता. त्यानं तो स्क्रीनशॉट तासाभरात काढला असता तर पुढं गेला नसता, असं मला वाटायचं. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच सांगितलं आहे की सदस्यानं टाकलेल्या मजकुराचा दोष ॲडमिनच्या माथी मारता येत नाही, दोघांचा कट असेल तर गोष्ट वेगळी. तोही पोर बिचारा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा. सोडून दिलं.

आता पुराव्याचं. यावर जरा जास्त लिहिते, कारण इथं बहुतेकांची घाई नडते. आमच्या यांनी पहिल्याच रात्री सांगितलं होतं, ते खातं आधी बंद पाड. वकीलबाईंनी उलटं केलं. आधी खात्याची लिंक लिहून घेतली. नुसतं नाव नाही, कारण नाव क्षणात बदलता येतं. मग दुसऱ्या फोनवरून पूर्ण खात्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग, तारीख-वेळ दिसेल असं. रात्रीच्या फोनांची कॉल-यादी. ज्या मुलांच्या फोनवर स्क्रीनशॉट आला होता त्यांना सांगितलं, तो मेसेज डिलीट करू नका, पुढंही पाठवू नका. हे सगळं हाताशी आल्यावरच इन्स्टाग्रामकडं तोतया खात्याची तक्रार केली. २०२१ च्या नियमांप्रमाणं, आपलं सोंग घेऊन कुणी खातं काढलं असेल आणि आपण स्वतः तक्रार केली तर तेव्हा चोवीस तासांत ते हटवावं लागायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी खातं गेलेलं होतं. त्या एका दिवसापुरता माझा कायद्यावर पूर्ण विश्वास होता.

हटवलेला मजकूर आणि खात्याची नोंदणी-माहिती कंपन्यांनी १८० दिवस तपासासाठी जपून ठेवायची असते, हे त्याच नियमांत आहे. म्हणजे पोलिसांचं पत्र त्याआधी गेलं पाहिजे. एनसी फायलीत झोपून चालणार नव्हतं ते याच कारणानं.

मग इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात दाखवायचं प्रमाणपत्र. साक्ष अधिनियमाचं जुनं ६५ बी आता भारतीय साक्ष्य अधिनियमात ६३ झालं आहे. प्रिंट काढून नेली तर सोबत हे प्रमाणपत्र लागतंच, हे २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयानं पक्कं केलं. मूळ फोनच न्यायालयापुढं ठेवून त्याच्या मालकानं साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, पहिला आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. फाईलमध्ये एक ठिपका बदलला तरी ही आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ बदलते. मला हे समजायला वेळ लागला. पण समजल्यावर फार आवडलं, कारण माझ्या शत्रूनं नेमकं तेच केलं होतं, ठिपके बदलले होते. त्याच्या बनावट चॅटमध्ये वेळ ‘२१:४०’ अशी दिसत होती. माझ्या फोनवर आयुष्यात कधी एकवीस वाजले नाहीत, माझ्या फोनवर नऊच वाजतात.

पहिल्या ठाण्यात नवा अर्ज घ्यायला टाळाटाळ झाली, ‘तुमची एनसी झालीया की’ म्हणून. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या १७३ व्या कलमात याची सोय आहे : ठाण्यानं नोंद घेतली नाही तर लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. ती पाठवली, शिवाय राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही घातली. त्यानंतर चक्रं फिरली आणि सायबर पोलिसांकडं एफआयआर झाला. तिथल्या निरीक्षकांनी (माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निरीक्षकापेक्षा खालच्या हुद्द्याचा अधिकारी तपास करू शकत नाही) पहिलाच प्रश्न विचारला तो लिंकचा. माझ्या वहीत ती लिहिलेली होती. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पहिल्यांदा कुणी सोडला हे काढणं अवघड, पण इन्स्टाग्राम खातं कुठून उघडलं याची नोंद मागवता येते, असं त्यांनी समजावलं. मार्च संपताना उत्तर आलं. आयपी पत्ता पुण्यातल्या एका कॉट बेसिसच्या जागेतल्या वायफायचा.

मधल्या काळात वकीलबाईंनी मला सगळ्यात अवघड काम लावलं होतं. “काकू, बदनामी म्हणजे तुम्हाला वाईट वाटलं, एवढं पुरत नाही. दुसऱ्याच्या नजरेत तुमची किंमत कमी झाली पाहिजे. ती झाली असं सांगणारा माणूस आणा.”

म्हणजे ज्यानं माझ्यावर अविश्वास दाखवला, त्यालाच साक्षीला बोलवायचं. गारगोटीकडच्या एका मुलीच्या वडिलांनी स्क्रीनशॉट पाहून तिला माझ्याकडून काढून दुसरीकडं घातलं होतं. मी त्यांना फोन केला. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “वैनी, मी तवा खरं मानलं. आता कोर्टात हुबं राहून ‘मी खरं मानलं’ म्हणू? माझीच लाज जातीया की.” मी म्हटलं, भाऊ, तुमची लाज गेली तरच माझी परत येतीय, असं कायदा म्हणतोय. ते हसले नाहीत. पण पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला कामाला आले तेव्हा ठाण्यात जाऊन जबाब देऊन गेले, आणि जाताना पोरीची बुधवार-रविवारची ताटं पुन्हा लावून गेले. मुलांपैकी मात्र फार थोडे पुढं आले. फोन पोलिसांकडं जमा होईल ही भीती, परीक्षा, घरच्यांची बोलणी. मी कुणाला जबरदस्ती केली नाही.

मुलगा सापडला. आमच्याकडंच दीड वर्ष जेवलेला. तीन महिन्यांचे पैसे थकवून गेला होता आणि मी चारचौघांत मागितले होते, हे त्याचं कारण. पुण्यातल्या त्या खोलीतून त्यानं हा उद्योग केला होता.

नाव कळल्यावर खानावळीतली पोरं पेटली. त्याचा फोटो त्यांच्याकडं होता, आधारची झेरॉक्स माझ्या कपाटात. रील करायचं ठरलं, ‘हाच तो’ म्हणून. गाणंसुद्धा निवडून झालं होतं. खरं सांगते, मलाही त्या संध्याकाळी ते बघायला आवडलं असतं. वकीलबाईंनी एका वाक्यात पाणी ओतलं : “गुन्हा अजून शाबीत झालेला नाही, आणि त्याच्या आधारवर त्याच्या आई-वडिलांचा पत्ता आहे. रील टाकलं की त्याचा वकील ३५६ घेऊन तुमच्या दारात.” बदनामीच्या फौजदारी कलमात नुसतं खरं असून भागत नाही, खरं बोलणं लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. जे कवच मी स्वतःसाठी मागत होते तेच त्या पोरावरही होतं. झेरॉक्स मी त्याच रात्री फाडली. आता नव्या मुलांची झेरॉक्स घेतच नाही, बघून परत देते.

नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मी केला नाही. त्याला बदनामीच्या दिवसापासून एकच वर्षाची मुदत असते, आणि मागितलेल्या रकमेवर कोर्ट फी. पोराकडं द्यायला काय होतं? बदनामीची वेगळी खासगी फिर्यादही राहिली. तिला तीन वर्षं मुदत होती, पण आता दखल घेण्याआधीच आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, म्हणजे सुरुवातीलाच तारखा. दोषारोपपत्र मात्र कसबा बावड्याच्या न्याय संकुलात दाखल झालं.

त्यानंतर त्याचे आई-वडील आले. आई दारातच बसून राहिली, तिला चहा दिला. मला दया आली असं म्हणता येणार नाही. पण खटला किती वर्षं चालेल याचा अंदाज मला आला होता, आणि मला जे हवं होतं ते शिक्षेत नव्हतंच. ज्या ग्रुपांवर ते फिरलं त्याच ग्रुपांवर ‘हे खोटं होतं’ असं त्यानं स्वतःच्या नंबरावरून लिहावं, एवढंच हवं होतं. शिवाय थकलेले जेवणाचे पैसे.

तडजोड म्हणजे घरी बसून कागद करणं नव्हे. ६६ सी, ६६ डी एरवी न्यायालयापुढं मिटवता येतात, पण गुन्हा बाईविरुद्ध असेल तर तेही नाही. बनावट दस्तऐवजाचं कलमही दोघांच्या मर्जीनं मिटत नाही, त्यासाठी उच्च न्यायालयानं गुन्हा रद्द करावा लागतो. वर्षभर आधी याला मुंबईची वारी होती. पण १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत. त्यासाठी इथल्या वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली ते आपल्याला माहीत आहे. मी खानावळ सकाळची आवरून रिक्षानं गेले. सरकारी वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र माझ्याकडून खात्री करून घेतलं, दबाव आहे का विचारलं. मी नाही म्हटलं.

माफीच्या मजकुरावरून मात्र बरंच अडलं. त्याच्या वकिलांनी लिहून आणलं होतं : ‘गैरसमजातून माझ्याकडून झालेल्या प्रकाराबद्दल…’ मी ‘गैरसमजातून’ खोडलं. गैरसमज कुणाचाच नव्हता. ‘झालेल्या प्रकाराबद्दल’ खोडून ‘मी बनवलेल्या खोट्या स्क्रीनशॉटबद्दल’ लिहायला लावलं. त्यानं फक्त आडनाव नको अशी विनंती केली. ती मी मान्य केली. रविवारी दुपारी, पोरं ताटावर बसलेली असताना, मेसेज आला. आणि ज्या ॲडमिनवर मी केस करायला निघाले होते, त्यानं कुणी न सांगता तो सात दिवसांसाठी पिन करून ठेवला.